मागच्या दुखण्याला पुढचं औषध

पत्र असं आहे:

"काका, आजोबांची १९६४ ची फोक्सवॅगन बीटल कोल्हापुरात आमच्या दारात उभी होती. दोन वर्षं खपून मी ती चालती केली. गेल्या दिवाळीत ओळखीच्या मिस्त्रींकडून ती मागून साधारण दोन इंच खाली घेतली. दिसते झकास. पण उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर खाली बसली आहे, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना वळणात मागचं बूड अचानक सरकतं. छातीत धस्स होतं. तीन जाणकारांना विचारलं, तिघांनी तीन वस्तू सांगितल्या: मागचा जाड स्टॅबिलायझर बार, कॅम्बर कॉम्पेन्सेटर आणि झेड-बार. तिन्ही परदेशातून मागवायच्या आणि पैसे एकाचेच आहेत. कुठली घेऊ?"

अगं, मागच्या जाड बारची ऑर्डर दिली असशील तर आधी ती रद्द करून ये. मग पुढचं वाच.

तिघांपैकी ज्याने तो बार सांगितला त्याची चूक नाही. बहुतेक गाड्यांना तो चालतो. मागचं बूड हलतंय, तर मागे काहीतरी जाड बसवा, हे कुणालाही पटेल. पण तुझ्या १९६४ च्या बीटलला मागे स्विंग ॲक्सल आहे आणि ते प्रकरण इतर गाड्यांसारखं नाही.

ते कळायला पाना लागत नाही. अरुंद बोळात उभी राहा आणि दोन्ही हात आडवे पसरून दोन्हीकडच्या भिंती तळव्यांनी ढकल. बोटं आकाशाकडे. कोपर ताठ, मनगट ताठ, सांधा फक्त खांद्यात. तुझं धड म्हणजे गिअरबॉक्स, हात म्हणजे ॲक्सलच्या नळ्या, तळवे म्हणजे चाकं. आता हात जरा वर ने. बोटं डोक्याकडे कलतात, तळव्याचा खालचा भाग बाहेर राहतो. खाली घेतलेली तुझी गाडी मागून अशीच दिसत असणार, फेंगड्या पायांची. आता हात खांद्याच्या खाली ने. बोटं बाहेर पडली, तळव्याची टाच आत गेली. गाडी जॅकवर चढवून खाली उतरवलीस की मागची चाकं अशीच आत मुडपलेली राहतात आणि गाडी दोन हात पुढे-मागे ढकलल्याशिवाय सरळ होत नाहीत. ते तू पाहिलंच असशील.

घाटातल्या वळणात नेमकं हेच होतं, फक्त वेगात. वळणात रस्ता बाहेरच्या चाकाला आत रेटतो. चाकापासून गिअरबॉक्सकडे जाणारा तो रेटा वर चढत जातो, कारण चाक टेकतं जमिनीवर आणि सांधा आहे वीतभर उंच. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय आत सारला की वरचं टोक भिंतीवर चढतं, तसंच. गाडीची पाठ वर उचलली जाते. पाठ वर गेली की चाक खाली लोंबतं, लोंबलं की आत मुडपतं, मुडपलं की टायरची पकड जाते. मग बूड निघालं! अमेरिकेत १९६० साली आलेल्या शेव्हरले कॉर्व्हेरवर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या पुस्तकात जे कोरडे ओढले, ते याच मुडपण्यावरून. गंमत म्हणजे तोवर कंपनीने १९६४ च्या मॉडेलला मागे आडवा पाटा आणि पुढे स्टॅबिलायझर बार देऊन टाकला होता. ही जोडी लक्षात ठेव, तुझं उत्तर त्यातच आहे.

आता स्टॅबिलायझर बार काय करतो ते बघ. तो डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी पिळाने बांधतो. एक चाक वर आणि दुसरं खाली जायला लागलं की तो आडवा येतो. पण दोन्ही चाकं एकदम खाली लोंबली, तर त्याला पीळच बसत नाही, म्हणजे ज्या क्षणी पाठ उचलली जाते त्या क्षणी हा गप्प. वर दुसरा तोटा. वळणात गाडी कलते तेव्हा जो भार आतल्या चाकावरून बाहेरच्यावर जातो, त्यातला मोठा वाटा ज्या टोकाला बार जाड त्या टोकाच्या बाहेरच्या चाकावर पडतो. स्विंग ॲक्सलमुळे बीटलच्या मागच्या टोकाने तो वाटा आधीच जास्त उचललेला असतो, त्यात इंजिनही मागेच. अशा टोकाला जाड बार घालणं म्हणजे आधीच वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक पाटी देणं. बाजारात बीटलसाठी मागचे बार मिळतात ते बहुतेक नंतरच्या, दोन-दोन सांधे असलेल्या ॲक्सलच्या गाड्यांसाठी. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'बीटल' छापलेलं असतं. कुठलं ॲक्सल ते तळाशी, बारीक अक्षरांत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी माझ्याकडे अशीच एक होती. एका दुकानदाराने 'रेसिंगवाले हाच लावतात' म्हणून मागचा बार गळ्यात मारला आणि मी तो हौसेने बसवला. कोरड्या रस्त्यावर गाडी अगदी टणक वाटली, कलायचं नावच घेईना. मी खूश! पहिल्या पावसात वरंध घाटात मी आणि गाडी उलट्या तोंडाने चारीत. कुणाला लागलं नाही, एवढंच. गाडी वळणात कलते तेव्हा ती निदान सांगत तरी असते की आता पुरे. मी पैसे मोजून तिचं तोंड बंद केलं होतं.

तुझ्या गाडीकडे येऊ. गाडी खाली घेतल्याने तू नकळत एक चांगली गोष्ट करून बसली आहेस. पाठ खाली आली, चाकं आधीच फेंगडी झाली, त्यामुळे मुडपण्याच्या जागेपर्यंत जायला त्यांना आता लांबचा पल्ला आहे. स्विंग ॲक्सलची मागची बाजू खाली असणं वर असण्यापेक्षा बरं. म्हणूनच मला तुझ्या गाडीचं बूड सरकण्याचं कारण मुडपणं हे वाटत नाही. माझा संशय ॲक्सलच्या वर बसलेल्या रबरावर आहे.

चाक फार वर येऊ नये म्हणून तिथे रबराचा ठोकळा असतो. मूळ उंचीला त्याच्या आणि ॲक्सलच्या मध्ये भरपूर जागा असते. दोन इंच खाली घेतलीस म्हणजे त्या जागेतले दोन इंच गेले. आता वळणात गाडी कलली, बाहेरचं चाक वर आलं आणि त्याच वेळी खड्डा लागला की ॲक्सल धाडकन रबरावर. त्या क्षणापुरती मागची स्प्रिंग दगड होते, सगळा भार त्या एका टायरवर येतो आणि तो सुटतो. 'अचानक सरकतं' हा तुझा शब्द आहे. मुडपणाऱ्या गाडीची पाठ आधी वर आल्यासारखी वाटते. रबरावर आदळणारी न सांगता जाते.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. घट्ट कणीक मळ, लिंबाएवढा गोळा घे आणि दोन्ही बाजूंच्या रबरांच्या तोंडाला थापून बसव. चिकटत नसेल तर सुतळीने बांध. मग घाटात न जाता गावाबाहेरच्या ओळखीच्या रस्त्याने, नेहमी गाडीत असतात तेवढी माणसं घेऊन, सावकाश फिरून ये. गोळा जसाच्या तसा राहिला तर मी चुकलो. पोळीसारखा चपटा झाला तर दोष तिथेच आहे आणि वरच्या तिन्ही वस्तूंपैकी एकही तो काढणार नाही. उजवा गोळा जास्त चपटा निघेल अशी माझी पैज, कारण ती बाजू बोटभर खाली आहे आणि तूही त्याच बाजूला बसतेस.

ते बोटभर अंतर काढता येतं, आणि इथे जर्मन डोक्याला दाद द्यावी लागते. बीटलच्या मागच्या टॉर्शन बारला, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईला, आतल्या टोकाला ४० दाते आहेत आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दात म्हणजे ९ अंश, बाहेरचा एक दात म्हणजे ८ अंशांहून किंचित जास्त. तुझ्या मिस्त्रींनी बाहेरचा एकच दात फिरवला असणार. त्याने गाडी दोन इंचांहून थोडी जास्तच खाली येते. पण बाहेरचा एक दात एका दिशेला आणि आतला एक दात उलट दिशेला फिरवला की फरक उरतो एका अंशाहूनही कमी, चाकापाशी साधारण ६ मिलिमीटर. म्हणजे बोटभर उंची दोन-तीन पायऱ्यांत जुळते. मोजायचं चाकाच्या कमानीपाशी नाही, कारण साठ वर्षांच्या पत्र्यावर भरवसा कसला! स्प्रिंग प्लेट, म्हणजे त्या बारच्या बाहेरच्या टोकाला बसणारी आणि ॲक्सल धरणारी पट्टी, मोकळी असताना तिच्यावर कोनमापक ठेवून दोन्ही बाजूंचा कोन सारखा करायचा. हे काम मिस्त्रींनाच करू दे, तू समोर उभी राहू नकोस. ताणात असलेली ती प्लेट सुटली तर हाड मोडते.

ते उघडणारच आहेत, तर माझं ऐक आणि दोन्ही बाजू तीन-तीन पायऱ्या वर घे. पाऊण इंच. दोन इंचांची सव्वा इंच होईल. दारातून बघणाऱ्याला फरक कळणार नाही, पण रबराला श्वास घ्यायला जागा मिळेल. इंचामागे चाकाचा कल साधारण अडीच अंशांनी बदलतो, त्यामुळे टायरची आतली कड खाणंही कमी होईल. जुनी रबरं दगडासारखी झाली असतील तर बदल, आणि आखूड, टोकाला मऊ असलेली मिळाली तर उत्तम. शॉकअपही बघ. मूळ लांबीचा शॉकअप खाली घेतलेल्या गाडीत आत दाबलेलाच बसतो आणि रबराआधी तोच तळाला लागत असेल तर कणकेचा गोळा तुला फसवेल. शॉकअपच्या दांड्याला, तो नळकांड्यात शिरतो त्या तोंडाशी, सुतळीची गाठ मारून ठेव. ती दांड्यावर किती सरकली त्यावरून दांडा किती आत गेला ते कळतं.

आणखी एक, जे जवळजवळ कुणीच करत नाही. ॲक्सलची नळी स्प्रिंग प्लेटला जिथे बोल्टने बसते तिथली भोकं लांबट असतात. ती लांबट ठेवली आहेत मागच्या चाकांची दिशा लावायला. गाडी खाली घेताना प्लेटचा कोन बदलतो, चाक थोडं पुढे-मागे सरकतं, आणि 'होतं तिथेच आवळलं' म्हटलं की दोन चाकं दोन दिशांना बघायला लागतात. मागचं एक चाक जरी बाहेर बघत असेल तर गाडी वळणात कधी इकडे, कधी तिकडे खेचते. अलाइनमेंटच्या दुकानात मागची चाकं दाखवायला लाव. 'मागचं ॲडजस्ट होत नाही' असं ते म्हणणारच. त्यांच्या रोजच्या अनेक गाड्यांचं होत नसेल, तुझ्या गाडीचं होतं.

आणि हवा. तुझ्या वेळच्या बीटलला कंपनीने पुढे १६ आणि मागे २४ पौंड हवा सांगितली होती, त्या काळच्या टायरना. रेडियल टायर घातले असशील तर दोन्ही आकडे थोडे वर जातील, पण मधलं अंतर आठाच्या आसपास राहू दे. पुढचं टायर मऊ ठेवलं की पुढचं टोक आधी सैल पडतं आणि गाडी हळूच बाहेरच्या बाजूला जाते. हे घाबरवणारं असलं तरी सावरण्याजोगं. पंपावरचा पोरगा चारही चाकांत तीस भरून फडकं मारून मोकळा होतो. गेज गाडीत ठेव.

एवढं करून घाटात जाऊन ये आणि मगच वस्तूचा विचार कर. एकच घ्यायची तर मी पुढच्या जाड बारला मत देईन. पत्रात तू पुढचं नावही काढलं नाहीस, म्हणून सांगतो: १९६० च्या मॉडेलपासून बीटलला पुढे बारीक बार कंपनीतूनच येतो. आधी तो जागेवर आहे का बघ. काम करताना कुणी काढून ठेवला आणि पुन्हा घातलाच नाही, असं होतं. मग त्याचे बुश बघ. असेल आणि धड असेल तर त्याच्या जागी किंचित जाड. पुढे जाड केला की भाराचा वाटा पुढच्या बाहेरच्या चाकावर जातो आणि मागचं टोक मोकळं होतं. फक्त 'जितका जाड तितका भला' या नादाला लागू नकोस. बारचा टणकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिलिमीटरचा १९ केला तर तीनच मिलिमीटर वाढले, पण ताकद जवळजवळ दुप्पट होते. एक पायरी पुरे.

पुढच्या वर्षी पैसे जमले तर कॅम्बर कॉम्पेन्सेटर. तिघांतला एकच माणूस बरोबर बोलला तो हा. गिअरबॉक्सच्या खाली मधोमध खिळीवर झुलणारा आडवा पाटा, टोकं दोन्ही नळ्यांच्या खाली. तराजूच्या दांडीसारखा आहे तो. एक चाक वर, एक खाली गेलं तर दांडी नुसती कलते, अडवत नाही. दोन्ही चाकं एकदम लोंबायला लागली की मात्र तो त्यांना खालून धरतो. बारच्या नेमकं उलट, आणि स्विंग ॲक्सलला हवं ते हेच. पोर्शेनेही १९६० च्या सुमाराला आपल्या ३५६ सुपर ९० ला असाच पाटा दिला होता. तुझ्यासाठी त्यात दोन अडचणी आहेत. एक, गाडी आधीच खाली, त्यात हा आणखी खाली लोंबणार, आणि आपले स्पीडब्रेकर कसल्या मापाचे असतात ते तुला सांगायला नको. दुसरी, तो मूळ उंचीच्या गाडीसाठी वाकवलेला असतो. खाली घेतलेल्या गाडीत त्याची टोकं नळ्यांना टेकतीलच असं नाही, मग चाक बरंच लोंबेपर्यंत तो नुसता बघत बसतो. म्हणून म्हटलं, आधी उंची कायमची ठरव, मग तो घे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात असा पाटा कुणीही बनवून देईल याबद्दल मला शंका नाही. पाटा बनवू दे, पण ॲक्सलच्या नळीला वेल्डिंगचा एक टाकाही लावू देऊ नकोस. उष्णतेने नळी वाकते, सील जळतात, आणि मग तेल ब्रेकवर.

झेड-बार, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आणि दोन्ही एकदम दबली की पीळ खाणारा दांडा, तुला नको. फोक्सवॅगनने तो १९६७ च्या मॉडेलला दिला तेव्हा मूळ टॉर्शन बारही मऊ केले होते. मऊ बारमुळे मागचं टोक शांत झालं, आणि गाडी भरली की टेकू द्यायला झेड-बार. तुझ्या जुन्या टणक बारवर नुसता तो चढवला तर टेकू तेवढा मिळेल, शांतता नाही.

जे करशील ते बोल्टने काढता-घालता येईल असंच कर. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, आणि त्यासाठी सांगाडा, बॉडी, इंजिन मूळ रूपात असावं लागतं. दात फिरवलेला परत फिरवता येतो, कापलेला पत्रा परत वाढत नाही. अर्थात त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कामांपुरतीच. तुला करूळ घाट उतरून कोकणात जायचं आहे, तेव्हा तो अर्ज भरण्याआधी दोनदा विचार कर.

आणि घाटात वळणात शिरल्यावर दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढू नकोस. पाय काढला की वजन पुढे जातं आणि मागचं टोक हलकं होऊन उचललं जातं, म्हणजे वर सांगितलेलं सगळं महाभारत तू स्वतःच्या पायाने सुरू करतेस. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी कर. दुसरा गिअर टाक, आणि वळणात पायाखाली अगदी थोडा, एकसारखा दाब राहू दे. पावसाळ्यात करूळला हे तर करच.

या रविवारी कणीक मळशील तेव्हा दोन गोळे जास्त मळ. किती चपटे झाले ते कळव, डावा-उजवा वेगवेगळा मोजून.